मे महिन्यातलं वकिलाचं ऑफिस

एप्रिलच्या शेवटी बार रूममध्ये आंब्याचे भाव आणि महाबळेश्वरच्या गप्पा सुरू झाल्या, की ही कृती काढायची वेळ झाली. तुमचं ऑफिस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी आहे, सोबत एक ज्युनियर आणि एक कारकून आहे, असं धरून चालू. मुंबईत असाल तर माणसं आणि फायली वाढतील, पायऱ्या याच राहतील. क्रम मात्र बदलू नका. आधी मुदती, मग पैसे, मग फायली आणि तुमची सुट्टी या तिन्हींनंतर. बहुतेक ऑफिसांत हे नेमकं उलट्या क्रमाने होतं आणि जून महिना रडवतो.

साहित्य: नेहमीची कोर्ट डायरी, दोनशे पानी वही, भिंतीवरचं मोठं कॅलेंडर, लाल आणि निळं पेन, फायली बांधायला कापडी रुमाल, एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क. पंखा चालू आहे ना? मग बसा.

सुट्टी लागण्याआधी

१. सुट्टीचं अधिकृत पत्रक मिळवा. ते कोर्टाच्या संकेतस्थळावर असतं, नोटीस बोर्डावरही लागतं. त्यातून तीन गोष्टी उतरवून घ्या: कामाचा शेवटचा दिवस, कोर्ट उघडण्याचा दिवस, आणि तातडीच्या कामाला सुट्टीत कोण न्यायाधीश कधी बसणार. जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय आणि ग्राहक आयोग यांच्या तारखा एकच असतील असं समजू नका. बारच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा फोटो गेल्या वर्षीचाही असू शकतो.

२. हे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. मोबाईलमध्ये लिहून भागत नाही. ज्युनियरला आणि कारकुनाला येताजाता दिसलं पाहिजे.

३. चालू प्रकरणांची एकच यादी वहीत करा. रकाने चार: पक्षकाराचं नाव, सीएनआर क्रमांक, पुढची तारीख, मुदत. शेवटचा रकाना आत्ता कोराच ठेवा. यादी डायरीवरून नको, कपाटातल्या फायलींवरून करा. डायरीतून गळालेलं प्रकरण डायरीत सापडणार नाही.

४. प्रत्येक तारीख ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सोळा अक्षरी सीएनआर टाकून ताडून पाहा. अ‍ॅपवर एक आणि डायरीत दुसरी तारीख निघाली, तर रोजनामा बघून यायचा. हे काम कोर्ट सुरू असतानाच उरका; सुट्टी लागली की रोजनामा दाखवणारा माणूसही गावाला गेलेला असतो.

५. आता चौथा रकाना भरा, आणि भरताना सुट्टी नाहीच असं समजून दिवस मोजा. तुम्ही म्हणाल, लिमिटेशन अ‍ॅक्टचं कलम ४ आहे की! आहे. मुदत कोर्ट बंद असताना संपली, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा, अपील किंवा अर्ज दाखल करता येतो. पण त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. शिवाय ही सवलत मूळ मुदतीला आहे, नंतरच्या वाढीव दिवसांना नाही. लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्याची तीन महिन्यांची मुदत उलटली, वरचे तीस दिवस सुट्टीत संपले आणि कोर्ट उघडताच दिलेला अर्ज मुदतबाह्य ठरला, असं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरलेलं आहे. कलम ४ हाताशी ठेवा, पण त्याच्या भरवशावर गावाला जाऊ नका.

६. न वटलेल्या चेकच्या फायली वेगळ्या काढा. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. कोर्ट बंद होतं ही सबब इथे चालत नाही, कारण पोस्ट उघडं असतं. नोटीस पोचल्यावर पैसे भरायला १५ दिवस, ते संपल्यावर तक्रारीला एक महिना. तक्रारीला झालेला उशीर पुरेसं कारण दाखवून माफ होऊ शकतो, नोटिशीचा होत नाही. म्हणून नोटिशीची शेवटची तारीख लाल पेनाने, तक्रारीची निळ्याने.

७. कैफियत द्यायची राहिलेली प्रकरणं मोजा. साध्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, कोर्टाच्या परवानगीने ९० पर्यंत. व्यापारी दाव्यात १२० दिवस उलटले की दार बंद. ग्राहक आयोगात ३० आणि वर १५, म्हणजे ४५. त्यापुढे एक दिवसही नाही. समन्स नेमकं कधी मिळालं ते पक्षकाराच्या आठवणीवर सोडू नका, लखोटा मागवून घ्या.

८. कॅव्हेट तपासा. दाखल केल्यापासून ९० दिवस टिकतं. फेब्रुवारीतलं मे महिन्यात संपतं.

९. कोठडीत असलेल्या आरोपींची तारीख काढा. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही, तर जामिनाचा हक्क उभा राहतो आणि तो मे महिन्यातही उभा राहतो. मोजताना रिमांडचा पहिला दिवसही धरा. अर्ज दोषारोपपत्राच्या आधी पडला पाहिजे, म्हणून मसुदा आत्ताच तयार करून फायलीत ठेवा. रिमांड आणि जामिनाला सुट्टीतही न्यायाधीश असतात. कोण, ते पहिल्या पायरीत उतरवलंय.

१०. अंतरिम आदेश असलेली प्रत्येक फाईल उघडून आदेशाची शेवटची ओळ वाचा. ‘पुढील तारखेपर्यंत’ असं असेल, तर ती पुढील तारीख सुट्टीनंतरची आहे का आणि आदेश तोवर वाढवल्याची नोंद रोजनाम्यात आली आहे का, दोन्ही बघा. नसेल तर आजच अर्ज द्या, उद्या नको. बांध फोडायला येणारा जेसीबी कोर्टाचं कॅलेंडर बघूनच येतो.

११. लागणाऱ्या सर्व सहीशिक्क्याच्या नकलांसाठी अर्ज करून टाका. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात. पण अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि हाती आल्याची तारीख या तिन्ही नकलेवर दिसल्या पाहिजेत. शेवटच्या दिवशी नक्कल विभागासमोर जी रांग लागते तिच्यात तुम्ही नसावं.

१२. एप्रिलमध्ये आलेल्या पैशातून मे आणि जूनचं भाडं, पगार आणि वीजबिल बाजूला काढा. वेगळ्या खात्यात टाकलंत तर उत्तम. जूनमध्ये पक्षकाराकडून पैसे येतील ही आशा धरू नका; त्याची बी-बियाणं, खतं आणि पोरांच्या शाळेच्या फिया याच महिन्यात असतात. तुमच्याही असतील.

१३. पक्षकारांना फोन करून पुढची तारीख सांगा. मेसेज पाठवाच, पण फोनही करा. पहाटेची एसटी धरून आलेला म्हातारा पक्षकार बंद कोर्टाच्या पायरीवर बसलेला दिसू नये. आणि सांगताना ‘सुट्टीनंतर बघू’ असं मोघम नको, तारीख सांगा आणि त्याच्याकडून परत वदवून घ्या.

सुट्टी लागल्यावर

१४. रजेचा तक्ता कागदावर लिहा. ज्युनियर पहिल्या पंधरवड्यात, कारकून दुसऱ्या, किंवा उलट. दोघं एकाच आठवड्यात नकोत; घरात लग्न असलं तरी कुणी तरी फोन उचलायला हवं. कारकुनाचा मे महिन्याचा पगार पूर्ण द्या. काम कमी होतं म्हणून अर्धा कापणारी ऑफिसं आहेत आणि त्यांचे कारकून जूनमध्ये शेजारच्या वकिलाकडे दिसतात.

१५. ऑफिसची वेळ सकाळी आठ ते बारा करा आणि तशी पाटी दारावर लावा. दुपारच्या उन्हात कुणी येत नाही. पाटीवर तातडीच्या कामाचा एक मोबाईल नंबर हवा, आणि तो त्या आठवड्यात हजर असलेल्या माणसाचा हवा.

१६. येणे असलेल्या फीची यादी काढा. वहीतल्या पहिल्या यादीपुढेच पाचवा रकाना आखा: ठरलेली फी, मिळालेली, बाकी. कोर्ट फी, नकला, टायपिंग असा तुम्ही खिशातून केलेला खर्च फीमध्ये मिसळू नका, वेगळा दाखवा. खर्चाचा आकडा पक्षकार सहसा लगेच देतो. फीवर घासाघीस करतो.

१७. रोज सकाळी पाच जणांना फोन करा. पाचच, वीस करायला गेलात तर शेवटच्या पंधरांशी तुमचा आवाज चढलेला असेल. आधी प्रकरण कुठवर आलंय ते सांगा, मग आकडा सांगा, मग गप्प बसा. बोलणं झाल्यावर ठरलेली तारीख वहीत लिहा. इथे दोन खड्डे आहेत. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवायचे नाहीत. वकिलाला तसा हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलेलं आहे. आणि ‘दावा जिंकला तर एवढे टक्के’ असली बोलणी करायची नाहीत, बार कौन्सिलच्या नियमात ती बसत नाहीत. हप्ते मात्र खुशाल पाडून द्या.

१८. फायलींचं एक कपाट रिकामं करा. एका दिवशी एकच. सगळी कपाटं एकदम जमिनीवर आली की ऑफिसचं लग्नघर होतं आणि नेमकी त्याच दिवशी कुणाला तरी जामिनाची फाईल हवी असते.

१९. त्या कपाटाचे तीन ढीग करा: चालू, निकाली पण अपिलाची मुदत बाकी असलेले, आणि पूर्ण निकाली. सगळं लक्ष मधल्या ढिगावर ठेवा. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. ‘निकाल लागला, संपलं’ म्हणून ही फाईल माळ्यावर गेली, की पक्षकार अपिलाचं विचारायला येतो तेव्हा सापडत नाही. हरलेल्याच नव्हे, जिंकलेल्या फायलीही या ढिगात ठेवा. समोरचा अपिलात गेला तर कागद तुम्हालाच लागणार.

२०. पूर्ण निकाली फायली स्कॅन करा. मोबाईलच्या अ‍ॅपनेही चालतं, उजेड नीट हवा. फाईलला नाव देताना वर्ष आधी, मग पक्षकाराचं आडनाव, मग प्रकरणाचा क्रमांक, आणि ही पद्धत सगळ्यांनी एकच पाळायची. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून आणणार असाल, तर त्याच्या कॉम्प्युटरवर पीडीएफ उरली नाही ना हे माणूस पाठवून बघा, उरली असेल तर पुसून घ्या. घटस्फोटाच्या फायली तर दुकानात पाठवूच नका.

२१. स्कॅन हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क घरी न्या. ऑफिसच्याच कपाटात ठेवलेली प्रत ऑफिसबरोबरच भिजते.

२२. मूळ कागद पक्षकाराला परत करा. खरेदीखत, मृत्युपत्र, मूळ चेक, शाळेचे दाखले. ही पायरी स्कॅननंतरच. पोच घेताना एकेका कागदाचं नाव लिहून त्याखाली सही किंवा अंगठा घ्या. ‘सर्व कागद मिळाले’ एवढ्या एका ओळीवर पुढे भांडणं होतात. भावाभावांचं वाटप असेल तर ज्याने वकीलपत्र दिलं त्यालाच कागद द्या, त्याच्या धाकट्या भावाला नाही.

२३. उरलेल्या फायली रुमालात बांधून जमिनीपासून फूटभर वर ठेवा. पश्चिमेची भिंत पावसात ओल धरते, तिच्यापासून कपाट चार बोटं सरकवा. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर पूर्ण वाळलेला, ओला नको; त्याने कागदाला बुरशी येते. कोकणात असाल तर वाळवीची औषधफवारणी आत्ताच, ती पावसात करून उपयोग नाही. रुमालाच्या गाठीला चिठ्ठी लावा: आत काय आहे आणि कोणत्या वर्षाचं.

२४. वादातली जमीन बघून या. ही या कृतीतली माझी सर्वांत आवडती पायरी. मे महिन्यात रान उघडं असतं. बांध, पांद, विहीर, जुनी झाडं, मोजणीचे दगड सगळं दिसतं; श्रावणात तिथे डोक्याएवढा ऊस किंवा ज्वारी असते. पक्षकाराला बरोबर घ्या, मोजणीचा नकाशा घ्या, बूट घाला, सकाळी नऊच्या आत परत या. प्रत्येक कोपऱ्यातून फोटो काढा आणि जागेवरच कच्चा नकाशा उतरवा. उलटतपासणीत पुढे ‘बांधाच्या कोणत्या अंगाला बाभूळ आहे’ असा एक प्रश्न विचारता येतो, तो ऑफिसात बसून सुचत नाही. एक पथ्य: समोरची पार्टी शेतात भेटली तर राम राम करा आणि पुढे चला. त्यांनी वकील दिलेला असताना त्यांच्याशी प्रकरणावर बोलायचं नाही.

२५. तहसील कार्यालयातली कामं हातावेगळी करा. कोर्टाची सुट्टी त्यांना नाही. शेतरस्त्याच्या तक्रारी पेरणीच्या तोंडावर वाढतात. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खालचा अर्ज अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. पक्षकार म्हणेल, ‘रस्ता आत्ताच अडवलाय.’ नांगरटीच्या वेळी बैलगाडी कुठून नेली होती ते विचारा, खरी तारीख निघेल.

२६. साक्षीदारांना बोलवा, आणि मृग लागायच्या आत बोलवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला की शेतकरी साक्षीदार तुमच्या फोनला उत्तर देणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. एकेकाला वेगळं बसवून त्याला काय माहीत आहे तेवढं सांगू द्या. तुम्ही लिहून घ्या, पढवू नका. पढवलेला साक्षीदार उलटतपासणीत तिसऱ्या प्रश्नाला उताणा पडतो.

२७. त्यावरून सरतपासणीच्या शपथपत्रांचे मसुदे करा. पहिला मसुदा ज्युनियरला करू द्या. तुम्ही तांबड्या पेनाने दुरुस्त करा आणि का दुरुस्त केलं ते शेजारी बसवून सांगा. एरवी कोर्टाच्या धावपळीत त्याला हे शिकवणार कधी? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यांतली जुनी-नवी कलमं अजून पाठ नसतील, तर तक्ता त्याच्याकडूनच करून घ्या आणि टेबलासमोर चिकटवा.

२८. आता तुम्ही सुट्टीवर जा. खरंच जा, लॅपटॉप न नेता. जाण्याआधी एका विश्वासू वकीलमित्राला तातडीची तीन-चार प्रकरणं लेखी सांगून ठेवा आणि त्या प्रकरणांच्या वकीलपत्रावर त्याचं नाव आणि सही आधीच घ्या. नुसता फोन केलेला मित्र कोर्टात उभा राहिला तरी त्याला विचारतात, ‘वकीलपत्र कुठाय?’ परतीचं तिकीट कोर्ट उघडण्याच्या निदान चार दिवस आधीचं काढा.

कोर्ट उघडण्याआधीचे चार दिवस

२९. वहीतली यादी पुन्हा अ‍ॅपवर ताडा. चौथ्या पायरीत केलंय म्हणून टाळू नका. न्यायाधीशांच्या बदल्या होतात, प्रकरणं दुसऱ्या कोर्टात वर्ग होतात, तारखा सरकतात.

३०. सामान भरा. कोर्ट फी स्टँप, वेल्फेअर फंडाची तिकिटं, कोरी वकीलपत्रं, कागद, टोनर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही. पहिल्या पावसात वीज जाते आणि नेमका तेव्हाच अर्ज प्रिंट करायचा असतो.

३१. पहिल्या आठवड्याच्या बोर्डावरच्या फायली तारखेप्रमाणे लावून टेबलावर आणा. प्रत्येकीवर एक चिठ्ठी: आज काय करायचंय. ‘पुरावा’ एवढंच लिहू नका. कोणाचा, कितवा साक्षीदार आणि तो येणार आहे का, तेही लिहा.

३२. पहिल्याच दिवशी दाखल करायच्या अर्जांचा गठ्ठा वेगळा बांधा. पाचव्या पायरीतले कलम ४ चे सगळे यात. सही, शपथ, पान क्रमांक, स्टँप, जोडपत्रांच्या प्रती, सगळं आदल्या संध्याकाळी पुरं झालेलं असावं. ई-फायलिंग करायचं असेल तर तेही आदल्या रात्रीच. सकाळी अख्खा जिल्हा त्याच संकेतस्थळावर असतो.

३३. कोर्ट उघडेल त्या सकाळी कारकुनाला गठ्ठा घेऊन खिडकी उघडायच्या अर्धा तास आधी पाठवा. तुम्ही बार रूममध्ये कोण कुठे फिरून आलं ते ऐकत बसू नका, खिडकीपाशी जा. प्रत्येक अर्जावर दाखल झाल्याचा क्रमांक आणि त्याच दिवसाची तारीख पडली का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि तिथेच उभ्याउभ्या डायरीत उतरवून घ्या.